दुसरा विषय म्हणून आशिया

नव्या शैक्षणिक धोरणात मेजरच्या, म्हणजे मुख्य विषयाच्या, जोडीला मायनर म्हणजे दुय्यम विषय घ्यावा लागतो. तो कसा निवडावा, यावर गेल्या अंकात लिहिलं होतं. त्यानंतर पाली, जपानी, चिनी, कोरियन या विषयांबद्दल इतकी पत्रं आली की हा अंक त्यांनाच दिला आहे. माझ्याही जिव्हाळ्याचा हा प्रांत. नोकरी इतिहास शिकवण्यात गेली आणि वर्गाबाहेरचा बराचसा वेळ पाली वाचण्यात.

प्रश्न : मॅडम, नमस्कार. मी छत्रपती संभाजीनगरला बी.ए. करतेय, मेजर इतिहास. मायनरसाठी आमच्या कॉलेजात पाली, जपानी आणि राज्यशास्त्र आहे. मला आशियातल्या संस्कृतींबद्दल वाचायला मनापासून आवडतं. पप्पा म्हणतात, राज्यशास्त्र घे, एमपीएससीला कामाला येईल. मैत्रिणी जपानीच्या बाजूने आहेत. पाली घेतलं तर पुढे काय, हे कुणीच सांगत नाही. काय करू?

उत्तर : पप्पांशी वाद घालू नकोस, त्यांची काळजी खरी आहे. पालीचा स्पर्धा परीक्षेत थेट फायदा होईल, असं मी तुला सांगणार नाही. यूपीएससीच्या वैकल्पिक विषयांच्या यादीतून पाली २०१३ सालीच वगळली गेली. पण त्यांना एवढं जरूर सांग की राज्यशास्त्राची पुस्तकं मराठीत भरपूर आहेत, अभ्यासक्रम छापील मिळतो, आणि तू इतिहासाची विद्यार्थिनी असल्यामुळे तो विषय घरी बसून तुझा तुला वाचता येईल. पाली किंवा जपानी तसं वाचता येत नाही. समोर बसून चुका दुरुस्त करणारं माणूस लागतं. जे एकटीने जमण्यासारखं आहे त्यावर वर्गातले तास घालवू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता तास किती, ते बघ. एक क्रेडिट म्हणजे साधारण पंधरा तासांचं शिकवणं. यूजीसीच्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० क्रेडिट आणि त्यांतले २४ मायनरचे. आपल्याकडे विद्यापीठागणिक हा आकडा थोडा खाली येतो. म्हणजे तुझ्या हातात तीनशे-साडेतीनशे तास आहेत. एवढ्यात अख्खा आशिया शिकायला निघालं की काय होतं, ते मी वर्षानुवर्षं पाहिलंय. मी 'आधुनिक आशियाचा इतिहास' हा पेपर शिकवत असे. त्यात आशिया म्हणजे चीन आणि जपान. अफूची युद्धं, १८६८ची मेजी पुनर्स्थापना, १९११ची चिनी क्रांती, १९४९, संपलं. मुलं सनावळ्या चोख लिहायची आणि मार्कही मिळवायची. पण इराण, श्रीलंका, व्हिएतनाम हे देश त्या आशियात नव्हते, आणि ज्या गावात आपण बसून शिकतोय ते गाव आशियात आहे, हेही कुणाच्या मनात येत नसे. त्याचा मला फार त्रास व्हायचा. म्हणून आशिया देशांच्या यादीने शिकू नये. एक भाषा धरावी आणि एखाद-दुसरी गोष्ट धरून तिच्यामागे देशोदेशी जावं. भाषा नसेल तर संस्कृतीचा अभ्यास सण, कपडे आणि खाण्यापिण्याच्या माहितीपुढे सरकत नाही.

तुझ्या बाबतीत मी पालीच्या बाजूने आहे. एक तर ही भाषा तुझ्या आसपास जिवंत आहे. महाराष्ट्रातल्या असंख्य बौद्ध घरांत त्रिशरण-पंचशील पालीतच म्हटलं जातं. 'पाणातिपाता वेरमणी सिक्खापदं समादियामि' हे वाक्य तू शेजारच्या विहारात ऐकलं असशील. कोलंबोत, यांगूनमध्ये, बँकॉकमध्येही लोक हेच वाक्य म्हणतात. लिपी तेवढी बदलते: तिथे सिंहली, बर्मी, थाई, इथे देवनागरी. एका भाषेवर इतक्या देशांचं दार उघडतं, असं दुसरं उदाहरण आपल्याजवळ नाही. गोव्यातल्या साखवाळचे धर्मानंद कोसंबी याच भाषेसाठी घर सोडून निघाले, कोलंबोच्या विद्योदय विहारात शिकले, पुढे ब्रह्मदेशात राहिले आणि परत येऊन फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवू लागले. महाराष्ट्रातल्या कॉलेजांत पाली रुजली ती त्यांच्यासारख्यांच्या खटपटीमुळे. पदवीनंतर पुढे शिकावंसं वाटलं तर तुझ्याच शहरातल्या विद्यापीठात पाली व बौद्ध अध्ययनाचा विभाग आहे, घर सोडावं लागणार नाही.

आणि कुठल्या गोष्टीमागे जायचं, हे विचारशील तर एक सकाळ काढून विद्यापीठामागच्या डोंगरातल्या लेण्यांत जा. सात नंबरचं लेणं. दाराशेजारी अवलोकितेश्वर हा करुणेचा बोधिसत्त्व उभा आहे, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना छोट्या छोट्या चौकटी आहेत. प्रत्येकीत एक संकट: आग, तलवार घेतलेला दरोडेखोर, बेड्या, बुडणारं जहाज, सिंह, साप, हत्ती, आणि शेवटी मृत्यू. प्रत्येक चौकटीत घाबरलेली माणसं त्याचा धावा करताहेत आणि तो धावून येतोय. घाईने बघू नकोस. एकेका चौकटीपाशी थांब, कोण कुठे बघतंय ते वहीत काढ, चित्र नीट नाही आलं तरी चालेल. मग स्वतःला विचार, समुद्रापासून एवढ्या लांब, डोंगरातल्या लेण्यात, जहाज कशाला? इथून घाट उतरून सोपारा-कल्याणच्या बंदरांकडे जाणारे व्यापारी तुला तिथेच भेटतील. अशाच संकटांची यादी सद्धर्मपुंडरीक सूत्र या बौद्ध ग्रंथात येते. कुमारजीव या भिक्षूने इ.स. ४०६ मध्ये त्याचं चिनी भाषांतर केलं आणि तो चिनी पाठ पुढे कोरियात, जपानात गेला. चीनमध्ये हाच अवलोकितेश्वर क्वान-यिन झाला, आणि काही शतकांत तिथे त्याला बाईचं रूप आलं. जपानमध्ये तो कान्नोन. श्रीलंकेत कँडीला नाथ देवाचं देऊळ आहे, तो नाथही मुळात हाच. संकटात धावून येणारा देव एका देशात पुरुष राहतो आणि दुसऱ्या देशात आई होतो, हे का व्हावं? तुझ्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाला एवढा एक प्रश्न पुरे आहे.

पश्चिमेकडची बाजूही विसरू नकोस. शाळेच्या सहलीत पाणचक्की सगळेच बघतात, पण पाणी येतं कुठून ते फार थोडे विचारतात. डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या नहरीतून शहरात आणायचं, मध्ये मध्ये हवेसाठी आणि साफसफाईसाठी उभे मनोरे ठेवायचे, ही व्यवस्था मलिक अंबरच्या काळात, १७व्या शतकाच्या सुरुवातीला खडकीत, म्हणजे तुझ्याच शहरात, उभी राहिली. अंबर इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला, बगदादमार्गे दख्खनेत आलेला. जमिनीखालून पाणी खेळवायची ही विद्या इराणची; तिथल्या अशा भुयारी पाटांना, म्हणजे कनातींना, २०१६ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. दौलताबादच्या वाटेवर कागजीपुऱ्यात हाताने कागद करतात, तिथेही जाऊन ये. कागद चीनमधून समरकंदला, तिथून बगदादला आणि मग आपल्याकडे आला. साच्यावर लगदा उचलून, पाणी निथळू देऊन ताव काढणारा कारागीर डोळ्यांनी बघितलास की तो सगळा प्रवास पुस्तकात वाचताना वेगळा लागेल.

जपानी तुला नको, असं मी म्हणत नाही. अजिंठ्याला जपान, श्रीलंका, थायलंडमधून यात्रेकरू येत असतात, अजिंठा-वेरूळच्या पर्यटन विकासाचं मोठं काम जपानच्या कर्जसाहाय्याने झालं, आणि दोन्ही बाजूंचं बोलता येणाऱ्या माणसाची तिथे कायम गरज असते. पाली मायनर घेऊन जपानीचा प्रमाणपत्र वर्ग संध्याकाळी लावता आला तर उत्तमच. जपानी भाषेच्या जेएलपीटी परीक्षेच्या पाच पातळ्या आहेत, एन-फाइव्ह सगळ्यात सोपी, एन-वन सगळ्यात अवघड. नोकरीत विचार होतो तो साधारण एन-थ्रीपासून पुढे, आणि तिथे पोहोचायला कॉलेजचे तास पुरत नाहीत. हे मैत्रिणींनाही सांग. नाहीतर मायनर जपानी घेतलं म्हणजे चाकणच्या जपानी कंपनीत दुभाषी झालोच, अशा समजुतीत त्या राहतील.

प्रश्न : नमस्कार. माझा मुलगा अमेरिकेत कॉम्प्युटर सायन्स शिकतोय. परवा फोनवर म्हणाला, आई, मी एशियन स्टडीज मायनर घेतोय. आम्ही दोघं थक्क झालो. ठाण्यात वाढलेल्या मुलाने एवढे पैसे भरून तिकडे जायचं आणि आशियाच शिकायचा? त्याला समजावू का?

उत्तर : समजावू नका. आधी त्याच्याकडून दोन-चार गोष्टी विचारून घ्या, मग ठरवा.

पहिली गोष्ट पैशांची. तिकडे बहुतेक विद्यापीठांत हे मायनर पाच-सहा कोर्सचं असतं. पदवीसाठी मानव्यविद्येचे काही कोर्स असेही करावे लागतात, त्यांतले किती यात धरले जातात हे विभागात विचारायला सांगा. भाषेचे कोर्सही काही ठिकाणी पूर्ण मोजतात, काही ठिकाणी पहिलं वर्ष मोजतच नाहीत. या मायनरसाठी एक सेमिस्टर जास्त राहावं लागणार असेल तर दोनदा विचार करावा. नेहमीच्या वेळेत बसत असेल तर खर्चाचा प्रश्न उरत नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न, आशिया तिकडे कशाला शिकायचा. याला एक इतिहास आहे. १९५७ मध्ये रशियाने स्पुटनिक सोडला, अमेरिका हादरली आणि पुढच्याच वर्षी तिथे शिक्षणाला सरकारी पैसा देणारा एक कायदा झाला. त्या पैशांतून विद्यापीठांत जगभरच्या भाषा आणि प्रदेश शिकवणारी केंद्रं उभी राहिली. हेतू उघड राजकीय होता, आणि तो मुलाने डोळ्यांआड करू नये. पुस्तकं कशी गेली, तेही सांगते. पीएल-४८० या अमेरिकी कायद्याखाली आलेला गहू आपल्या आईवडिलांनी रेशनवर घेतलेला आहे. त्या धान्याची किंमत भारताने रुपयांत चुकती केली, आणि त्या रुपयांतला काही भाग १९६२पासून भारतात पुस्तकं विकत घेण्यावर खर्च झाला. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या दिल्लीतल्या कचेरीतून मराठी कादंबऱ्या, कवितासंग्रह, मासिकं पेट्या भरभरून अमेरिकेतल्या विद्यापीठांना गेली. आपल्या तालुक्याच्या वाचनालयात न सापडणारं पुस्तक तिकडच्या ग्रंथालयात नीट बांधून ठेवलेलं सापडतं, ते यामुळे. तुमच्या मुलाला ग्रंथालयाच्या मराठी कपाटापाशी जाऊन उभं राहायला सांगा. त्याला अभिमानही वाटेल आणि वाईटही वाटेल, आणि दोन्ही वाटलं पाहिजे.

त्या केंद्रांमधून सरकारी हेतूच्या पलीकडे जाणारी माणसंही निघाली. एलिनॉर झेलियट यांनी डॉ. आंबेडकर आणि महार चळवळीवर पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १९६९ मध्ये पीएच.डी. केली, तेव्हा आपल्या विद्यापीठांत या विषयाला हात घालणारे फार थोडे होते. अॅन फेल्डहाउस महानुभाव वाङ्मय आणि महाराष्ट्रातल्या नद्या-तीर्थांवर आयुष्यभर काम करत आल्या. तिकडे जर्मनीत, हायडेलबर्गला, गुंथर सोन्थायमर खंडोबा आणि धनगरांच्या ओव्यांचा अभ्यास करत होते, त्यासाठी वाड्यावस्त्यांवर फिरले. शिकागो विद्यापीठात मराठी शिकवली जाते. ही मंडळी बाहेरून आली म्हणून त्यांना आपल्या घरातल्या काही गोष्टी दिसल्या, ज्या आपण रोज बघून बघायचं सोडून दिलं होतं.

तुमच्या मुलाला तिथे आणखी एक गोष्ट मिळेल, जी ठाण्यात मिळाली नसती. त्याच वर्गात कोरियाची मुलगी असेल, लाहोरचा मुलगा असेल, व्हिएतनाममधून निर्वासित म्हणून आलेल्या आजीची नात असेल. १९४७ची फाळणी लाहोरच्या मुलाशेजारी बसून वाचणं आणि इथे पाठ्यपुस्तकात वाचणं यांत फरक आहे. इथे बसून आपण एकमेकांचे देश टीव्हीवरूनच ओळखतो. शेजाऱ्यांशी सरळ बोलण्याची संधी मिळतेय, तर ती घेऊ दे.

फक्त एक आग्रह माझ्यातर्फे करा. चांगली ग्रेड सहज मिळते म्हणून त्याने हिंदीचा कोर्स घेऊ नये. जी लिपी त्याला अजिबात वाचता येत नाही अशी भाषा घ्यावी, फारसी, तमिळ, व्हिएतनामी, कुठलीही. प्रोग्रामिंग करणाऱ्या मुलाला नवी लिपी आणि नवं व्याकरण अवघड जात नाही, आणि उजवीकडून डावीकडे लिहिलेला मजकूर स्क्रीनवर का बिघडतो, हे एकदा कळलं तर त्याच्या मूळ विषयातही ते उपयोगी पडेल.

प्रश्न : मॅडम, मी सोलापूरचा. मला चिनी भाषा शिकायची आहे, पण घरचे आणि मित्र म्हणतात की सीमेवर तणाव असताना चिनी शिकून काय करणार? एकाने तर देशद्रोह म्हटलं. मन खट्टू झालंय.

उत्तर : तुझ्या गावच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं नाव त्या मित्राला सांग. १९३८ मध्ये जपानी आक्रमणाखाली होरपळणाऱ्या चीनला काँग्रेसने पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं, त्यात ते होते. बाकीचे परतले, हे राहिले. चिनी बोलायला-वाचायला शिकले, तिथल्या विद्यार्थ्यांना चिनीतून वैद्यक शिकवलं, युद्धातल्या जखमींवर दिवसरात्र शस्त्रक्रिया केल्या आणि ९ डिसेंबर १९४२ला, वयाच्या ३२व्या वर्षी तिथेच गेले. सोलापुरात त्यांचं राहतं घर स्मारक म्हणून जपलंय. गेला नसशील तर जा, आणि मित्रांना घेऊन जा.

ज्या देशाशी आपली हजारो किलोमीटरची सीमा आहे, युद्ध झालंय आणि व्यापारही मोठा आहे, त्या देशाची भाषा जाणणारी माणसं आपल्याकडे इतकी कमी असावीत, ही काळजीची गोष्ट आहे. चिनी वर्तमानपत्र काय म्हणतं हे आपल्याला इंग्रजी बातमीतून कळतं. परराष्ट्र खातं, सैन्य, पत्रकारिता, उद्योग, सगळीकडे ही उणीव आहे. देशाची काळजी असलेल्या मुलानेच ही भाषा शिकली पाहिजे.

पुण्याची परंपराही तुझ्या पाठीशी आहे. फर्ग्युसनचे पु. वि. बापट पालीचे प्राध्यापक. विमुत्तिमग्ग नावाचा बौद्ध ग्रंथ चिनी भाषांतरातून उपलब्ध होता. तो वाचून त्यांनी विसुद्धिमग्ग या पाली ग्रंथाशी त्याची तुलना केली आणि १९३७ मध्ये ती पुण्यात प्रसिद्ध केली. त्याच वर्षी शांतिनिकेतनात चीना भवन सुरू झालं. आजही चिनी शिकायला शांतिनिकेतन, दिल्लीचं जेएनयू आणि दिल्ली विद्यापीठ ही नावं डोळ्यांसमोर ठेव. तोवर रोज दहा अक्षरं हाताने लिही. मोबाइलवर बोट फिरवून चिनी अक्षर लक्षात राहत नाही, रेघांचा क्रम हातात बसावा लागतो. आणि उच्चार पहिल्या दिवसापासून शिक्षकासमोर कर, कारण स्वर, म्हणजे आवाजाचा चढउतार, चुकला तर शब्दच बदलतो, आणि एकदा चुकीचा बसलेला स्वर सुटता सुटत नाही.

प्रश्न : मी कोल्हापूरची. कोरियन मालिका बघून मला कोरियन शिकावंसं वाटलं. मायनर म्हणून कोरियन घ्यायला हे कारण फार हलकं आहे का?

उत्तर : अजिबात नाही. आवड कुठून लागली याला महत्त्व नाही. लिपीपासून सुरुवात कर. राजा सेजोंगने १४४६ मध्ये ती जाहीर केली, सामान्य माणसाला आपल्या भाषेत लिहिता यावं म्हणून. त्यातल्या मूळ व्यंजनांचे आकार तोंडातल्या जिभेच्या, ओठांच्या, घशाच्या ठेवणीवरून घेतलेत. 'ग'च्या अक्षरात जिभेचं मूळ घशाला टेकलेलं दिसतं, 'न'च्या अक्षरात जिभेचं टोक वर टेकलेलं. कंठ्य, तालव्य, दंत्य, ओष्ठ्य अशी वर्णमाला शाळेत घोकलेल्या मराठी मुलीला ही लिपी आठवड्याभरात येते. त्यानंतर लगेच १९१०पासूनची जपानी राजवट आणि १९५०-५३चं युद्ध वाच. मालिकांमधल्या आज्या अन्न वाया का जाऊ देत नाहीत, कुटुंबं ताटातूट झालेल्या भावंडांबद्दल का बोलतात, ते तिथे कळेल. मायनरच्या यादीत कोरियन नसेल तर इतिहास मायनर घे आणि भाषा बाहेर शीक. टोपिक ही कोरियन भाषेची परीक्षा बाहेरूनही देता येते, तिला कॉलेजचं नाव लागत नाही.